एक हौद, तीन आडनावं: वॉकर, फुलर आणि टकर

मुंबई हायकोर्टाची फोर्टमधली दगडी इमारत कर्नल जेम्स ऑगस्टस फुलर यांच्या आराखड्यावरून उभी राहिली. काम १८७१ साली सुरू झालं आणि १८७८ला संपलं. त्याच्या सत्तरेक वर्षं आधी बडोद्यात गायकवाडांच्या दरबारी कंपनीचा रेसिडेंट होता अलेक्झांडर वॉकर. मराठी फौजा काठेवाडात मुलूकगिरीवर जाऊन जी खंडणी वसूल करत, तिचे आकडे १८०७ साली याच माणसानं बांधून दिले, म्हणून तो बंदोबस्त ‘वॉकर सेटलमेंट’ या नावानं इतिहासात गेला. आणि १८८२च्या सप्टेंबरात साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती धर्मप्रचारक संघटनेची पहिली तुकडी घेऊन मुंबई बंदरात उतरला तो फ्रेडरिक टकर. या तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण तिघांच्या आडनावाचा अर्थ एकच आहे: लोकरीचं कापड हौदात तुडवणारा.

आजच्या इंग्रजीच्या भरवशावर ही नावं वाचली की हमखास फसगत होते. ‘वॉक’ म्हणजे चालणं, तर वॉकर म्हणजे चालणारा, वाटसरू, किंवा जंगलात गस्त घालणारा. ‘फुल’ म्हणजे भरलेला, तर फुलर म्हणजे काहीतरी भरणारा. ‘टक’ म्हणजे खोचणं. हे तिन्ही अर्थ चुकीचे आहेत. इंग्लंडमधली बहुतेक आडनावं सहा-सातशे वर्षांपूर्वी गोठली. त्यामुळे त्यांचा अर्थ त्या काळच्या बोलीत शोधावा लागतो, आणि त्याहीआधी त्या धंद्यात. म्हणून आधी धंदा पाहू.

मागावरून उतरलेलं कापड

लोकरीचं कापड मागावरून उतरतं तेव्हा ते कापडापेक्षा जाळीच्या जवळचं असतं. उजेडासमोर धरलं तर पलीकडचं दिसतं. वारा त्यातून आरपार जातो आणि कातर लावली की कडा भराभर उसवतात. शिवाय ते तेलकट असतं. लोकर पिंजताना आणि कातताना तंतू तुटू नयेत म्हणून तिला लोणी, चरबी किंवा ऑलिव्हचं तेल चोळलेलं असे. उभ्या धाग्यांना खळ दिलेली असे, ती वेगळीच. एवढी चिकटाई अंगावर असताना रंग सारखा बसत नाही, डाग पडतात.

म्हणजे कामं दोन: तेल काढायचं आणि कापड दाट करायचं. दोन्ही तुडवण्यानं साधतात, पण त्यामागची कारणं वेगवेगळी.

दाट होण्याचं रहस्य तंतूच्या अंगात आहे. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर कौलांसारखे एकावर एक बारीक खवले असतात आणि सगळ्यांची टोकं एकाच दिशेला वळलेली असतात. ऊब आणि ओल मिळाली की हे खवले किंचित उघडतात. मग वरून दाब पडला, हलवाहलव झाली, की तंतू पुढे सरकतो. मागे मात्र येऊ शकत नाही, कारण खवले शेजारच्या तंतूंत अडकतात. हजारो तंतू असे एकमेकांत घुसत गेले की वीण आवळत जाते आणि शेवटी धागे दिसेनासे होऊन नमद्यासारखा सपाट पोत येतो. लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात, वॉशिंग मशीनमध्ये टाकला की तो मुलाच्या मापाचा होऊन बाहेर येतो, ती हीच क्रिया. आटलेला स्वेटर पुन्हा ओढून मोठा होत नाही, कारण खवले सुटत नाहीत.

कापसाच्या तंतूला खवले नसतात, म्हणून आपल्याकडच्या साळी-कोष्टींना या कामाची गरजच पडली नाही. आपली घोंगडी लोकरीची खरी, पण तिचा ताठपणा आणि घट्टपणा येतो चिंचोक्याच्या खळीनं. इंग्लंडच्या थंड, सतत भिजवणाऱ्या हवेत खळ धुऊन जाईल. तिथं कापडच घट्ट करावं लागलं.

आटणं किती? रुंदीत तिसरा हिस्सा सहज जाई, कधीकधी निम्म्यापर्यंत. म्हणजे शेवटी ६० इंच रुंद कापड हवं असेल, तर मागावर ते ९० इंच किंवा त्याहून रुंद विणावं लागे. एवढ्या रुंद मागावर एका माणसाचा हात धोटा फेकायला पुरत नसे, म्हणून दोन विणकर शेजारी बसून धोटा एकमेकांकडे टाकत. जॉन के यानं १७३३ साली दोरीनं पळणारा धोटा काढला, तेव्हा कुठे दुसऱ्या माणसाची गरज संपली. पक्क्या कापडाची रुंदी हा राज्यकारभाराचाही विषय होता. १२१५च्या मॅग्ना कार्टातलं एक कलम चक्क कापडाच्या रुंदीचं आहे: दोन्ही किनारींच्या आत दोन एल. एल हे तेव्हाचं कापडाचं माप. हे माप विणकराच्या हातात नव्हतं. ते ठरत होतं तुडवणाऱ्याच्या हौदात.

हौदातलं काम

पहिल्या हौदात पाणी आणि शिळं मूत्र. हे ऐकून नाक मुरडलं जातं, पण रसायन साधं आहे. मूत्र आठवडा-दोन आठवडे मुरवलं की त्यातल्या युरियाचा अमोनिया होतो. अमोनिया कापडातल्या चरबीला भिडला की साबण तयार होतो आणि चिकटाई पाण्याबरोबर सुटते. ताजं मूत्र इथं निरुपयोगी. म्हणून घरोघरून ते गोळा करून साठवलं जाई आणि त्याला मोलही होतं. रोमन सम्राट व्हेस्पेजियननं तर त्यावर करच बसवला होता.

दुसऱ्या हौदात माती. ही माती मराठी घरात ओळखीची आहे: मुलतानी माती. चेहऱ्यावरचं तेल ती शोषून घेते, अगदी तशीच ती कापडातलं तेल घेते. तिचे कण इतके बारीक आणि पापुद्र्यांचे असतात की चिमूटभर मातीलाही प्रचंड पृष्ठभाग मिळतो आणि तेल त्याला चिकटून राहतं. इंग्रजीत या मातीचं नाव अजूनही ‘फुलरची माती’ असंच आहे. सरी परगण्यातल्या नटफील्डजवळ आणि बेडफर्डशरमधल्या वोबर्नजवळ तिच्या नामांकित खाणी होत्या. कापडधंदा हाच देशाचा कणा असल्यामुळे १७व्या शतकात ही माती परदेशी पाठवायला इंग्लंडात कायद्यानं बंदी होती. परक्या विणकरांना ती मिळाली तर आपल्या कापडाचं वैशिष्ट्य जाईल, ही भीती.

माती नीट चाळलेली हवी. तिच्यात एक खडा राहिला तरी पायाखाली तो कापडाला भोक पाडतो, आणि अशी भोकं रंगवल्यानंतरच ठळक दिसतात.

मग स्वच्छ पाण्यात खळबळून पुन्हा कोमट पाणी, पुढच्या काळात साबणही, आणि खरं लांबलचक तुडवणं. एक थान म्हणजे वीस-पंचवीस वार. ते घड्या घालून हौदात बसवायचं आणि दोघा-तिघांनी त्यावर पाय चालवत राहायचं. दर थोड्या वेळानं थान बाहेर काढून घड्या बदलाव्या लागत. हे चुकलं की घडीच्या रेषेवर कापड जास्त आटतं आणि तिथं कायमची सुरकुती पडते. थांबायचं कधी, हे कसबाचं. कमी तुडवलं तर कापड विरळ राहतं. जास्त तुडवलं तर ते जाड, ताठ आणि मापापेक्षा अरुंद होतं, आणि अरुंद कापड परत रुंद होत नाही.

हे काम डोळ्यांनी पाहायचं असेल तर पॉम्पेईतलं एक भिंतीचित्र पाहावं. इसवी सन ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या त्या शहरातल्या एका धुलाईघराच्या खांबावरचं हे चित्र आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. छोट्या छोट्या कप्प्यांत टबं ठेवलेली आहेत, प्रत्येकात पोटऱ्यांपर्यंत बुडालेला माणूस उभा आहे, आणि तोल जाऊ नये म्हणून कप्प्यांच्या बुटक्या भिंतींवर हात टेकून तो पाय मारतो आहे. हजार वर्षांनंतर यॉर्कशरमधला वॉकर याहून फार वेगळं काही करत नव्हता.

तुडवून झालेलं ओलं कापड लाकडी चौकटीवर, म्हणजे ‘टेंटर’वर, ताणून वाळवायचं. चौकटीच्या वरच्या-खालच्या दांड्यांना काटकोनात वळलेले आकडे असत, त्यांत किनारी अडकवायच्या. जीव टांगणीला लागणं या अर्थाचा ‘ऑन टेंटरहुक्स’ हा इंग्रजी वाक्प्रचार याच आकड्यांवरून आला आहे. लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये ‘टेंटर ग्राउंड’ नावाची गल्ली आजही आहे, ती या चौकटींची जागा. इथं लबाडीला वाव होता. कापड मापात भरत नसेल तर आकड्यांवर जास्त ओढून रुंद करायचं आणि विकून टाकायचं. गिऱ्हाईक पहिल्या पावसात भिजलं की अंगरखा आटला. उत्तरेकडच्या कापडातल्या या फसवणुकीविरुद्ध १५९७ साली खास कायदा करावा लागला.

एका कामाला तीन शब्द

आता शब्दांकडे येऊ.

फुलर हा लॅटिन ‘फुलो’चा वंशज. रोमन लोक या कामगाराला फुलो म्हणत. जुन्या इंग्रजीत तो ‘फुलेरे’ झाला. १०६६नंतर नॉर्मन आले, त्यांच्या फ्रेंचमध्येही तुडवणं या अर्थाचा ‘फुले’ हा त्याच कुळातला शब्द होता, त्यामुळे फुलर आणखी पक्का बसला. १६११च्या इंग्रजी बायबलात मार्कच्या शुभवर्तमानात येशूची वस्त्रं इतकी शुभ्र झाली की पृथ्वीवरचा कोणताही फुलर तशी करू शकणार नाही, असं वाक्य आहे. मराठी बायबलात त्या जागी परीट आला आहे. संदर्भात तो चपखल बसतो, पण फुलरच्या कामाची धुण्याची बाजूच तेवढी त्यात येते. घट्ट करण्याची बाजू मराठीत आणायला शब्द नाही, कारण ते कामच आपल्याकडे नव्हतं.

वॉकरची गंमत जास्त खोल आहे. जुन्या इंग्रजीत ‘वेआल्कन’ म्हणजे लोळवणं, उलटसुलट करणं, घुसळणं. समुद्राच्या लाटा जशा उसळतात-लोळतात, त्यालाही हेच क्रियापद. कापड हौदात लोळवणारा तो ‘वेआल्केरे’. पायी चालणं हा अर्थ या क्रियापदाला नंतर, इसवी सन १२००च्या सुमाराला चिकटला. म्हणजे वॉकर हे नाव चालण्यावरून पडलं हे खरं नाही. कापडवाला वॉकर शब्दात आधीपासून होता, चालणारा नंतर आला. भावंडं भाषांत हा मूळ अर्थ अजून जिवंत आहे. जर्मनमध्ये ‘वाल्कन’ म्हणजे आजही कापड तुडवून आटवणं, चालण्याशी त्याचा काही संबंध नाही. ‘कापडावर पायानं चालायचे म्हणून वॉकर’ हे स्पष्टीकरण सगळीकडे वाचायला मिळतं. ऐकायला ते छान वाटतं आणि धंदाही बरोबर सांगतं, पण शब्दाचा प्रवास उलटा लावतं.

टकरचं मूळ ‘टुकियन’, म्हणजे छळणं, हाल करणं, पिळून काढणं. पुढे या क्रियापदाचा रोख माणसावरून कापडावर गेला. ज्यानं कधी जाड कापड पिळलं-आपटलं आहे त्याला हा अर्थबदल समजावून सांगावा लागणार नाही. आपले शिंपी ब्लाउजला ‘टक्स’ घालतात, तो टकही याच शब्दकुळातला.

कोणता शब्द, ते गाव ठरवतं

गुरं बांधायच्या जागेला देशावर गोठा म्हणतात, वऱ्हाडात कोठा, कोकणात वाडा. म्हणणाऱ्याला दुसरा शब्द माहीत असतोही, पण तोंडात आपलाच येतो. इंग्लंडात कापड तुडवणाऱ्याचं तसंच झालं. आग्नेय भागात आणि पूर्वेला, म्हणजे केंट, ससेक्स, सरी, एसेक्स, सफोक, नॉरफोक या पट्ट्यात तो फुलर. नैर्ऋत्येला डेव्हन, सॉमरसेट, कॉर्नवॉलमध्ये टकर. उत्तरेला यॉर्कशर, लँकशर आणि मिडलँड्सच्या पश्चिम भागात वॉकर.

या वाटणीला दुहेरी पुरावा आहे. पहिला आडनावांचा: १८८१च्या जनगणनेतली नावं नकाशावर मांडली, तर पाचशे वर्षांच्या स्थलांतरानंतरही टकरांचा गठ्ठा डेव्हनवर आणि वॉकरांचा उत्तरेवर दिसतो. दुसरा गावनावांचा. कापड तुडवायच्या पाणचक्कीला कॉर्नवॉलमध्ये ‘टकिंग मिल’ म्हणत, आणि कॅम्बर्नजवळ टकिंगमिल नावाचं गावच आहे. उत्तरेत आणि पश्चिम मिडलँड्समध्ये ‘वॉकमिल’ नावाच्या वाड्या-वस्त्या सापडतात. वेल्समध्ये वेल्श भाषेतला ‘पांडी’, त्यावरून टोनिपांडी. एक्सिटर शहरात विणकर, टकर आणि कातरणारे यांच्या संघाचं सभागृह १४७१मध्ये बांधलं गेलं. ते आजही उभं आहे आणि त्याचं नाव ‘टकर्स हॉल’. यॉर्कमध्ये ते उभं असतं तर त्याला टकर म्हणायचं कुणाच्या मनातही आलं नसतं.

पाणचक्कीचा उल्लेख आला, तर ती कशी चाले तेही सांगायला हवं, कारण वॉकरांची संख्या तिच्याशी निगडित आहे. चाक फिरतं, त्याच्या आसाला खुंट्या असतात, त्या खुंट्या लाकडी हातोड्यांच्या शेपट्या दाबतात, हातोडा वर जातो आणि खुंटी सुटली की धाडकन हौदातल्या कापडावर पडतो. दोन हातोडे आळीपाळीनं. हातोड्याचं तोंड पायरीसारखं कापलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला कापड थोडं वळतं आणि सगळीकडून मार खातं. दोघा-तिघांच्या पायांचं काम एक माणूस नुसतं लक्ष ठेवून करू शके. टेम्पलर या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या संघाच्या ११८५च्या जमीन-पाहणीत यॉर्कशरमधल्या न्यूसम इथं अशी चक्की नोंदलेली आहे. इंग्लंडातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक.

चक्कीला वेगाचा ओढा लागतो. डोंगराळ उत्तर आणि पश्चिमेकडे असे ओढे भरपूर, आग्नेयेच्या सपाट प्रदेशात नद्या संथ. १३व्या शतकात चक्क्या वाढल्या त्या मुख्यतः या ओढ्यांवर, आणि आडनावं पडण्याचा काळही तोच. पुढे १८-१९व्या शतकात यॉर्कशर-लँकशरच्या गिरणीगावांची लोकसंख्या भरमसाट वाढली, तिच्याबरोबर तिथली नावंही वाढली. आज वॉकर इंग्लंडमधल्या सर्वांत सामान्य आडनावांत मोडतं आणि फुलर, टकर बरेच मागे आहेत, त्याचं पटण्याजोगं कारण हे दोन्ही मिळून आहे.

नाव चिकटतं कसं

इंग्लंडात १२व्या-१३व्या शतकापर्यंत साध्या माणसाला एकच नाव असे. जॉन, विल्यम, रॉबर्ट. नावं थोडी आणि माणसं फार, म्हणून कारकून ओळखीसाठी मागे काहीतरी जोडत: बापाचं नाव, गावाचं नाव, अंगचं वैशिष्ट्य किंवा धंदा. ‘विल्यम ल वॉकर’ म्हणजे तो कापड तुडवणारा विल्यम. मधलं ‘ल’ असेपर्यंत ते बहुधा खरोखरच धंद्याचं वर्णन. १४व्या शतकात ‘ल’ गळत जातो आणि नाव बापाकडून मुलाकडे जायला लागतं. दक्षिणेत हे आधी झालं, उत्तरेत उशिरा. साधारण १४०० पर्यंत बहुतेक इंग्रज कुटुंबांना आडनाव होतं.

पुण्याचे भाऊसाहेब रंगारी मूळचे जावळे. घराण्यात रंगाईचा धंदा, म्हणून लोकांनी रंगारी म्हटलं आणि तेच नाव राहिलं. इंग्लंडात नेमकं हेच लाखो घरांत झालं. एक फरक मात्र डोक्यात पक्का ठेवायला हवा, कारण मराठी वाचक इथंच घसरतो. वॉकर ही जात नव्हती. आडनाव वॉकर असलेल्याचा मुलगा सुतार झाला तर त्याला कुणी अडवत नव्हतं, आणि वॉकरांनी वॉकरांतच लग्न करावं असा रिवाजही नव्हता. म्हणून नाव गोठलं की दोन-तीन पिढ्यांत धंद्याशी त्याचा संबंध तुटे.

धंद्यावरून नाव पडायला त्या गावात तो धंदा मोजक्यांचाच असावा लागतो. चक्की एक, तर तिच्यावरचा माणूस एक: तो वॉकर. सगळेच जे करतात त्यानं ओळख पटत नाही. सूतकताई बघा. कापडाच्या धंद्यात सर्वांत जास्त हात तिथं लागत, पण सूत घरोघरच्या बायका कातत, म्हणून त्यावरून आडनाव जवळजवळ पडलंच नाही. ‘स्पिनस्टर’ हा सूत कातणारीचा शब्द उलट कायद्याच्या कागदांत अविवाहित स्त्रीची संज्ञा होऊन बसला. तसंच ‘फार्मर’. सगळा देश शेती करत असताना हे आडनाव इतकं विरळ का? कारण आडनावं पडली त्या काळच्या इंग्रजीत फार्मर म्हणजे शेतकरी नव्हेच. ठरावीक रक्कम भरून वसुलीचा हक्क घेणारा, आपला मक्तेदार, तो फार्मर.

कापडाच्या वाटेवरचे बाकीचे हात मात्र आडनावांत भरभरून आहेत. विणकराचीच चार नावं: वेब, वेबर, वेबस्टर, वीव्हर. त्यांतलं वेबर डेव्हनकडचं, वेबस्टर उत्तरेचं. काटेरी बोंडांनी लोकर किंवा कापडाची लव विंचरणारा टोझर, हाही डेव्हनचा. उठलेली लव मोठ्या कातरीनं सारखी कापणारा शर्मन. रंगारी दक्षिणेत डायर, उत्तरेत लिस्टर. जालियनवाला बागेमुळे जे नाव आपल्याला कायमचं लक्षात राहिलं, त्याचा अर्थ एवढाच. वेबस्टरमधला ‘स्टर’ हा मुळात स्त्रीवाचक प्रत्यय, स्पिनस्टरमधला तोच. उत्तरेत तो लवकरच पुरुषांनाही लागू झाला.

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर हे काम बायकांचं होतं. लांब फळीभोवती दोन्ही बाजूंना बसून मूत्रात भिजवलेलं कापड तालावर आपटायचं, पुढे सरकवायचं, आणि तालासाठी गाणी. जात्यावरच्या ओव्यांसारखीच ती कामातून जन्मली आणि २०व्या शतकाच्या मध्यापर्यंत कामाबरोबर टिकली. गेलिक भाषेत कापड तुडवणाऱ्याला ‘फुकादर’ म्हणतात. त्याच्या मुलाचं नाव ‘मॅक अन उकादर’, आणि इंग्रजी कारभार आल्यावर अशा कित्येक कुटुंबांनी भाषांतर करून वॉकर लावलं. म्हणजे एखादा स्कॉटिश वॉकर यॉर्कशरच्या वॉकरचा भाऊबंद असेलच असं नाही. बडोद्याचे अलेक्झांडर वॉकर स्कॉटलंडचेच.

शोधताना कुठे चुकतं

एखाद्या इंग्रजी आडनावाचा माग काढायचा असेल तर आजच्या स्पेलिंगवर विश्वास ठेवू नये. जितकी जुनी नोंद मिळेल तितकी गाठावी. जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी इंग्लंडात १ जुलै १८३७पासून आहे. त्यामागे चर्चच्या नोंदवह्या, त्या १५३८पासून. त्याहीमागे १३७७, १३७९ आणि १३८१च्या डोईपट्टीच्या याद्या. १३७९ची यॉर्कशरच्या पश्चिम भागाची यादी या कामी अमोल आहे, कारण तिच्यात कित्येक नावांपुढे धंदाही लिहिलेला आहे. नाव वॉकर आणि धंदाही तोच, तर आडनाव अजून जिवंत वर्णन आहे. नाव वॉकर आणि धंदा लोहार, तर ते गोठलं आहे.

दिसायला सारखं नाव दरवेळी त्याच मुळाचं नसतं. न्यूकॅसलजवळ वॉकर नावाची वस्ती आहे. त्या नावाचा अर्थ रोमन सम्राट हेड्रियननं बांधलेल्या भिंतीजवळची दलदल, आणि एखाद्या घराण्याचं नाव तिथूनही आलेलं असू शकतं. आयर्लंडमधले टकर पुष्कळदा ‘ओ तुआखर’ या आयरिश नावाचं इंग्रजी रूप घेतलेले असतात, त्यांचा हौदाशी संबंध नाही. अमेरिकेतल्या कितीतरी कृष्णवर्णीय वॉकरांचं नाव गुलामगिरीच्या काळातून आलेलं आहे, त्यावरून रक्ताचं नातं काढता येत नाही. उलट वेगळं दिसणारं नाव तेच असू शकतं. नैर्ऋत्येच्या बोलीत शब्दाच्या सुरुवातीचा ‘फ’ जाऊन ‘व’ येतो, त्यामुळे व्होलर म्हणजे फुलरच. टूकर म्हणजे टकर.

‘तुमच्या आडनावाचं राजचिन्ह’ म्हणून चौकटीत बसवलेलं चित्र विकणाऱ्यांकडून काही घेऊ नये. इंग्लंडात ढाल-चिन्ह व्यक्तीला आणि तिच्या थेट वारसांना मिळतं. आडनावाला चिन्ह नसतं, त्यामुळे सगळ्या वॉकरांचं मिळून एक चिन्ह असूच शकत नाही.

आणि सगळ्यांत नेहमीचा खड्डा लॅटिनचा. मध्ययुगातले कारकून कागद लॅटिनमध्ये लिहीत, आणि लॅटिनमध्ये या धंद्याला शब्द एकच. त्यामुळे दस्तात ‘जोहान्नेस फुलो’ दिसला की पुष्कळ जण त्याला फुलर घराण्यात टाकून मोकळे होतात. तो माणूस घरी, बाजारात, शेजाऱ्यांच्या तोंडी कोण होता हे कागदावर नाहीच. दस्त केंटचा असेल तर बहुधा फुलर, एक्सिटरचा असेल तर टकर, लीड्सजवळचा असेल तर वॉकर. खात्री करायची तर त्याच जमिनीचा किंवा त्याच घराचा पुढच्या दोन-तीन पिढ्यांतला इंग्रजीत लिहिलेला कागद शोधायचा. मृत्युपत्र, खंडाची वही, गावच्या कचेरीतला एखादा दंडही चालेल. तिथं जे नाव येईल तेच त्या घराचं.